चक्रधरचा राग आणि चक्रधरची कीव

मागच्या व्याख्यानानंतर रोह्याहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "सर, 'रणांगण' वाचताना चक्रधरचा संताप येतो, आणि पुस्तक मिटताना त्याचीच कीव येते. हे कसं?" आज इथे पेणमध्ये त्याच प्रश्नावर बोलतो.

विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ सालची. चक्रधर विध्वंस युरोपातून बोटीने परततो आहे. उमाच्या बाबतीतला प्रेमभंग त्याच्या मनात सलतो आहे, आणि त्याचं उट्टं तो साऱ्या स्त्रीजातीवर काढू पाहतो. बोटीवर नाझींनी देशोधडीला लावलेली ज्यू माणसं आहेत. त्यांत हॅर्टा. ती त्याच्यावर जीव टाकते, तोही गुंतत जातो. मुंबई आली की तो उतरतो, ती बोटीवरच राहते, आणि पुढच्या प्रवासात आत्महत्या करते.

हे सगळं आपल्याला सांगतो कोण? तोच! आपला हलकेपणा त्याने स्वतःच सांगितला नसता, तर आपल्याला कळलाच नसता. म्हणून आपण विरघळतो. माणूस वाईट असेल, पण निदान प्रामाणिक आहे, असं म्हणतो.

मला इथेच शंका आहे. सार्त्रने १९४३ च्या आपल्या ग्रंथात आत्मवंचनेचा विचार करताना कबुलीजबाबाची एक गंमत दाखवली आहे. 'मी दुष्ट आहे' असं म्हणणारा माणूस आपल्या दुष्टपणाकडे लांबून बघू लागतो, आणि लांबून बघता बघता त्यातून सुटतो. दोष कबूल करणारा 'मी' जणू दोषी 'मी'हून वेगळा होतो. चक्रधरचं निवेदन मला पुष्कळदा असं वाटतं. अर्थात तो हे हिशेबाने करतो, असं मी म्हणत नाही. हिशेबाने केलं असतं तर निकाल द्यायला सोपं गेलं असतं.

त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. नाझी जर्मनीतून हाकललेल्या माणसाला तेव्हा हव्या त्या बंदरात उतरता येत नव्हतं. व्हिसाशिवाय शिरता येईल असं शांघायच काय ते उरलं होतं. तेव्हा त्याने तिला मुंबईत उतरवून का घेतलं नाही, हा आरोप मला फार टिकणारा वाटत नाही. मुंबई यायच्या आधीचे दिवस मात्र सुटत नाहीत. हे प्रेम कुठवर जाणार, याचा अंदाज तिच्यापेक्षा त्याला जास्त होता. घर, देश, सगळं गेलेल्या बाईकडून आणखी काही घेताना माणसाने थबकावं की नाही? कांटच्या भाषेत, दुसऱ्याला केवळ साधन करणं हे हेच.

आपल्या भागातल्या वाचकाला यात आणखी एक बोच असते. पेणकर, रोहेकर ही आडनावं बेने इस्रायलींचीही आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली कित्येक पिढ्या इथेच, मराठी बोलत राहिले. 'ज्यू' म्हणजे वर्तमानपत्रातला शब्द, असं आपल्याला म्हणता येत नाही. म्हणून हॅर्टा मला परदेशी पाहुणी वाटत नाही.

आता कीव. शेवटाकडे हॅर्टाची पत्रं येतात. तिथे पहिल्यांदा चक्रधरच्या हातून निवेदन सुटतं आणि ती स्वतः बोलते. ही पत्रं वाचून मागे जा, तो तिच्याविषयी जे सांगत होता ते पुन्हा वाचा. बरीच वाक्यं तिच्याविषयी नव्हतीच, त्याच्याचविषयी होती. तरी ही पत्रं त्याने आपल्यापुढे ठेवली, स्वतःला लहान करणारी असूनही. त्या एका गोष्टीसाठी मला त्याची कीव येते. बाकीचा राग मी सोडलेला नाही.