केल्टिक देवता आणि त्यांचे नवे उपासक

इंग्लंड व वेल्स येथें २०२१ सालीं झालेल्या खानेसुमारींत सुमारें ७४,००० माणसांनीं आपला धर्म 'पेगन' असा लिहून दिला, आणि आणखी सुमारें १३,००० जणांनीं 'विक्का' हें नांव लिहिलें. ख्रिस्ती धर्माच्या आगमनापूर्वीं युरोपांत ज्या देवता पुजिल्या जात, त्यांची उपासना आपण पुन्हां मांडीत आहों, असें या मंडळींचें सामान्यतः म्हणणें असतें. त्यांतील कोणी ग्रीक देवतांकडे वळतात, कोणी उत्तरेकडील नॉर्स देवतांकडे. परंतु ब्रिटन व आयर्लंड येथील पुष्कळांस ओढ असते ती केल्टिक देवतांची. ब्रिगिद, मॉरीगन, लूग, केर्नुन्नोस हीं नांवें त्यांच्या प्रार्थनांत नित्य येतात. कोणीं कोणत्या देवतेस भजावें, हें ठरविण्याचा अधिकार टीकाकारास नाहीं, आणि तो आम्ही घेऊंहि इच्छीत नाहीं. पण या देवता आजीकडून नातीकडे, गुरूकडून शिष्याकडे अशा परंपरेनें आलेल्या नाहींत. मध्यें हजार वर्षांहून अधिक काळ ती वाट तुटलेली होती. त्या आपल्या नव्या भक्तांना भेटल्या त्या ग्रंथांत. आणि ग्रंथ म्हटला कीं तो कोणीं लिहिला, कशासाठीं लिहिला व भक्तांनीं तो कसा वाचला, हे प्रश्न ओघानेंच आले. ते मात्र सर्वस्वीं वाङ्मयटीकेच्या प्रांतांतले आहेत.

प्रथम जुना पुरावा पाहूं. तो फार थोडा आहे. गॉल देशांतील केल्ट लोकांचे पुरोहित जे ड्रूइड, ते आपली विद्या लिहून ठेवीत नसत आणि कांहीं शिष्य वीस वीस वर्षें ती मुखोद्गत करण्यांत घालवीत, असें ज्यूलियस सीझर सांगतो. त्यांचे देवहि तो मर्क्युरि, अपोलो, मार्स अशा रोमन नांवांनींच सांगतो. मूळ नांवें काय होतीं, याची त्यास पर्वा नव्हती. केर्नुन्नोस या शृंगधारी देवाचेंच उदाहरण घ्या. त्याच्या नांवाचा मुख्य आधार म्हणजे पॅरिसच्या नावाड्यांनीं रोमन बादशहा टायबीरियस याच्या कारकीर्दींत उभारलेला एक स्तंभ. अठराव्या शतकाच्या आरंभीं तो तेथील नोत्र दाम देवळाच्या खालीं सांपडला, आणि त्यावरील या नांवाचें पहिलें अक्षरहि आतां झिजून गेलें आहे. डेन्मार्कांतील एका दलदलींत १८९१ सालीं सांपडलेल्या रुप्याच्या कढईवर मांडी घालून बसलेली, एका हातांत गळ्यांतलें कडें व दुसऱ्या हातांत सर्प धरलेली शृंगधारी मूर्ति आहे; पण तिच्याखालीं नांव मुळींच नाहीं. आमच्या वाचकांस येथें मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील मूर्तीची आठवण होईल. ती पुष्कळ युरोपियन लेखकांसहि झाली; फक्त दोहोंमध्यें सुमारें दोन हजार वर्षांचें अंतर आहे, हें सांगावयास त्यांतले बरेच जण विसरतात.

मग या देवाची कथा, त्याचा स्वभाव, त्याचें मृत्यु व पुनर्जन्माचें वार्षिक चक्र, हें सारें आलें कोठून? मार्गरेट मरे या बाईंनीं १९३१ सालच्या आपल्या ग्रंथांत मध्ययुगांतील चेटक्यांच्या सैतानाच्या मागें एकच प्राचीन शृंगधारी देव पाहिला. आणि जेरल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम्स अधिकाऱ्यानें १९५४ सालच्या पुस्तकांत, तो पंथ अजून जिवंत आहे, असें जगास सांगितलें. मरेबाईंचा सिद्धांत इतिहासकारांनीं केव्हांच टाकून दिला आहे. देव मात्र राहिला.

आयर्लंडची गोष्ट वेगळी आहे. तेथें कथांचें भांडार आहे, आणि तें अत्यंत श्रीमंत आहे. परंतु तें लिहून ठेवलें ख्रिस्ती मठांतल्या लेखकांनीं. त्या देशांत ख्रिस्ती धर्म पांचव्या शतकांत रुजला, आणि या कथांच्या आज उपलब्ध असलेल्या पोथ्यांपैकीं सर्वांत जुन्यांतली जी, ती सुमारें इ. स. ११०० ची. देव आणि राक्षस यांच्या युद्धाची 'मॉय तुराची लढाई' ही प्रसिद्ध कथा तर सोळाव्या शतकांतल्या एकाच पोथींत उरली आहे. त्या लेखकांपुढें मोठाच पेंच होता. आपल्या पूर्वजांचे हे देव म्हणजे काय समजावें? कोणी त्यांस भूतपिशाचें म्हटलें, कोणी पूर्वींचे राजे, कोणी आदामाच्या पापापासून अलिप्त राहिलेली मानवजाति! मार्क विल्यम्स यांनीं २०१६ सालच्या 'आयर्लंड्स इमॉर्टल्स' या ग्रंथांत हा पेंच ज्या रसिकतेनें उलगडून दाखविला आहे, तशी रसिकता या विषयावरील इंग्रजी पुस्तकांत आम्हांस फार क्वचित् आढळली. या देवता जुन्या धर्माचे अवशेष जितके आहेत, तितक्याच त्या ख्रिस्ती विद्वानांच्या प्रतिभेच्या निर्मितीहि आहेत, हें त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

आतां ज्या पुस्तकानें हें सारें नव्या भक्तांच्या मनांत एका सांच्यांत ओतलें, त्याकडे वळूं. रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीचा 'द व्हाइट गॉडेस' हा ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. खरें काव्य म्हणजे एका आदिदेवतेचें आवाहन होय; ती देवता चंद्रकलांप्रमाणें त्रिविध, म्हणजे कुमारी, माता व जरठा आहे; आणि आयर्लंड व वेल्स येथील कवींनीं तिचें रहस्य वृक्षांच्या नांवांच्या वर्णमालेंत व तेरा महिन्यांच्या वृक्षपंचांगांत दडवून ठेवलें, असा त्याचा थोडक्यांत आशय आहे. कवीनें स्वतःच्या काव्यदेवतेची मांडलेली षोडशोपचार पूजा म्हणून हा ग्रंथ वाचला, तर तो खरोखर विलक्षण आहे. त्याचीं कांहीं प्रकरणें एकदां हातीं धरलीं कीं खालीं ठेववत नाहींत. परंतु इतिहास म्हणून त्यास कांहींच किंमत नाहीं. तसलें तेरा महिन्यांचें पंचांग जुन्या आयरिश वाङ्मयांत कोठेंहि नाहीं. ओगम् लिपीच्या मूळच्या वीस अक्षरांपैकीं निम्म्यांहून कमी अक्षरांचीं नांवें वृक्षांचीं ठरतात. यांत गंमत अशी कीं, ग्रेव्ह्जचे आजोबा, लिमरिकचे बिशप चार्ल्स ग्रेव्ह्ज, हे ओगम् शिलालेखांचे नांवाजलेले अभ्यासक होते. नातवानें त्यांच्या मार्गानें जाण्याचें मनावर घेतलें नाहीं. कुमारी व माता हीं दोन रूपें जेन हॅरिसन या केंब्रिजच्या विदुषीनें १९०३ सालीं ग्रीक धर्माविषयीं लिहितांना मांडलीं होतीं. जरठेस त्यांच्या पंक्तीस बसवून त्रयी पूर्ण केली ती ग्रेव्ह्जनें. आणि आज लक्षावधि वाचकांस ही त्रयी पाषाणयुगापासून चालत आली आहे असें वाटतें.

वाटेना का, असें कोणी म्हणेल. श्रद्धेला वयाचा दाखला कशास हवा? तो नको, हें आम्हांसहि कबूल आहे. आमची तक्रार वयाविषयीं नाहीं. या सांच्यानें मूळच्या देवता दिसेनाशा झाल्या, ही आहे. मॉरीगन घ्या. नव्या पुस्तकांत ती बहुधा त्रयींतली जरठा म्हणून येते, नाहीं तर स्त्रीच्या स्वसामर्थ्याची कल्याणकारी गुरु म्हणून. जुन्या कथेंत ती कशी आहे? अल्स्टरचा वीर कू खुलिन एकटा शत्रुसैन्य थोपवून धरीत असतां ती त्याच्याकडे राजकन्येच्या वेषांत येते आणि आपलें प्रेम व संपत्ति देऊं करते. तो तिला झिडकारतो. मला येथें स्त्रीशीं करावयाचें काय, असा त्याचा भाव. तेव्हां ती त्यास बजावून जाते, आणि तो नदीच्या उतारांत लढत असतां ईल मासा होऊन त्याच्या पायांस विळखा घालते, लांडगी होऊन गुरें त्याच्या अंगावर घालते, तांबडी बिनशिंगी कालवड होऊन कळपाच्या पुढें धांवते. तिन्ही वेळां तो तिला जायबंदी करतो. युद्धानें थकलेला, तहानेनें व्याकुळ झालेला तो वीर पुढें एका म्हातारीपाशीं येतो. ती तीन सडांच्या गाईची धार काढीत असते. एकेका सडाचें दूध ती त्यास देते, प्रत्येक वेळीं तो तिला आशीर्वाद देतो, आणि प्रत्येक आशीर्वादासरशी तिची एकेक जखम भरून येते. ती मॉरीगनच होती! तूंच ती हें कळलें असतें तर मीं तुला कधींच बरें केलें नसतें, असें तो म्हणतो.

या प्रसंगांत तरुणी आहे, म्हातारी आहे, तीनाचा आंकडाहि आहे. आणि तरीसुद्धां ग्रेव्ह्जची त्रयी येथें नाहीं. तारुण्य व वार्धक्य हे येथें आयुष्याचे टप्पे नव्हेत, ते कपटवेष आहेत. ज्याचा सूड घ्यावयाचा त्याच्याकडूनच आपल्या जखमा भरून घेणारी, आणि त्याच्या सौजन्याचा नेमका फायदा उचलणारी ही देवता कोणत्याहि तक्त्यांत बसत नाहीं. बाद्ब व माखा या तिच्या बहिणी म्हणून सांगितल्या जातात खऱ्या, पण त्या तिघींत कुमारी कोण आणि माता कोण, हें कोणतीहि जुनी पोथी सांगत नाहीं. 'मॉय तुरा'च्या शेवटीं ती आधीं सुबत्तेचें भाकीत करते आणि लगेच दुसऱ्या दमांत जगाच्या नाशाचें. तिला केवळ कल्याणकारी म्हणणाऱ्यानें निदान तें भाकीत वाचावयास हवें होतें.

ब्रिगिदेच्या बाबतींत प्रश्न अधिक नाजूक आहे. तिच्या देवतारूपाचा आयरिश आधार म्हणजे जुन्या आयरिश निघंटूंतल्या कांहीं ओळी. हा निघंटु कॅशेलचा राजा व बिशप कॉर्मक, जो इ. स. ९०८ सालीं लढाईंत पडला, त्याच्या नांवावर आहे. त्यांत ब्रिगिद ही दाग्दा देवाची कन्या, कवींची देवता; आणि तिच्याच नांवाच्या तिच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची व एक लोहारकामाची. बस्स, एवढेंच. या निघंटूचें ओडोनोव्हन यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १८६८ सालीं छापून निघालें तें कलकत्त्यास! संपादक व्हिटली स्टोक्स हे तेव्हां हिंदुस्थान सरकारच्या नोकरींत होते आणि पुढें गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलांत कायदेमंत्री झाले. 'अँग्लो-इंडियन कोड्स'मुळें आमच्या वकील वाचकांस हें नांव ठाऊक असेल. दिवसा आमच्यासाठीं कायद्यांचे मसुदे करणाऱ्या या गृहस्थानें फावल्या वेळांत आयर्लंडचे देव छापून काढले. ब्रिगिद हें नांव आणि आपला 'बृहती' हा शब्द यांचें मूळ एकच आहे, आणि उत्तर ब्रिटनमधील रोमनकालीन शिलालेखांत ब्रिगान्तिया देवता आढळते; तेव्हां ख्रिस्तपूर्व देवता मुळीं नव्हतीच, असें कोणास म्हणतां येणार नाहीं. मात्र अशा साम्यांवर पाऊल जपून टाकावें. आयरिश देवकुलाची आदिमाता म्हणून आज 'दानू'ची प्रार्थना होते. जुन्या ग्रंथांत तिच्याविषयीं नांव व वंशावळ यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं, आणि जिच्याशीं तिचें नातें जोडतात ती ऋग्वेदांतील दानु म्हणजे वृत्राची आई. पहिल्या मंडलाच्या ३२ व्या सूक्तांत ती इंद्राच्या प्रहारानें पडली आहे. दयाळू जगन्मातेचा हा कांहीं उत्तम दाखला नव्हे.

पुन्हां ब्रिगिदेकडे येऊं. अखंड ज्योत, पाणवठे, बोरूच्या गवताचे क्रूस, १ फेब्रुवारीच्या आदल्या रात्रीं बाहेर ठेवावयाचें व आजारांत उपयोगी पडणारें वस्त्र, हें सारें आजचे उपासक देवतेचें म्हणून सांगतात. पण हें सर्व ज्या आधारांवरून आपणांस कळतें, ते संत ब्रिगिदेविषयींचे आहेत. तिचें चरित्र कोगितोसस नांवाच्या लेखकानें सातव्या शतकांत लिहिलें. किल्डेअरच्या ज्योतीचें वर्णन बाराव्या शतकाच्या अखेरीस वेल्सच्या जेराल्डनें केलें: एकोणीस जोगिणी एकेक रात्र ज्योत राखतात आणि विसाव्या रात्रीं ती संत ब्रिगिदेवरच सोंपवितात. चर्चनें देवतेस पळवून तिची संत बनविली, हें वाक्य नव्या पुस्तकांत सरसहा भेटतें. देवतेचे कांहीं गुण संताकडे गेले असतीलहि. पण आजची देवता जी घडली आहे, तिचे बहुतेक अलंकार संताच्याच पेटींतले आहेत, हें उघड दिसतें. तीं जपलीं कोणीं? आयर्लंडच्या खेड्यांतल्या कॅथॉलिक शेतकरी बायांनीं, आणि बहुतेक आयरिश भाषेंत. ज्यांनीं तें व्रत शतकानुशतकें चालविलें त्यांना त्याचा अर्थच ठाऊक नव्हता, तो लंडनच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या इंग्रजी पुस्तकानें प्रथम सांगितला, असा याचा ध्वनि निघतो. हा अन्याय आहे, आणि तो नकळत होतो म्हणून लहान ठरत नाहीं.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. रोनल्ड हटन यांनीं १९९९ सालच्या आपल्या ग्रंथांत, विक्का हा धर्म विसाव्या शतकांत इंग्लंडांत जन्मला, हें सप्रमाण दाखविलें, तेव्हां कांहीं उपासक संतापले. पण पुष्कळांनीं तें शांतपणें मान्य केलें. आपला धर्म नवा आहे, एवढें ऐकून घेण्याची तयारी किती धर्मांच्या अनुयायांत आढळते? गेल्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेंत व अन्यत्र एक पंथहि निघाला आहे, तो ग्रेव्ह्जला बाजूस सारून मूळ संहितांकडे जातो. त्यांतले कांहीं आयरिश भाषा शिकतात. त्यांच्या लेखनांत मॉरीगन पुन्हां भयंकर झालेली दिसते, हें आम्ही तिच्या दृष्टीनें सुचिन्ह समजतों.

किल्डेअर येथें ब्रिगिदाइन भगिनींनीं १९९३ सालीं ती ज्योत पुन्हां पेटविली. २०२३ पासून आयर्लंडांत संत ब्रिगिदेच्या नांवानें सार्वजनिक सुटीहि सुरू झाली. त्या गांवीं कॅथॉलिक यात्रेकरू येतात तसे पेगनहि येतात. इकडे अमेरिका व कॅनडा येथील कांहीं उपासक मंडळांनीं जेराल्डच्या वर्णनावरून वीस दिवसांचा क्रम बांधला आहे: एकोणीस जण आपापल्या घरीं एकेक दिवस मेणबत्ती लावतात आणि विसावा दिवस ब्रिगिदेसाठीं मोकळा सोडतात.