मराठी विज्ञानलेखन आणि वस्तीतला वाचक

मराठी विज्ञानसाहित्याची चर्चा बहुतेक वेळा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली. त्यात विज्ञान किती आणि साहित्य किती? हे लेखन कोणाला उद्देशून होते, त्याचा वाचक कोणत्या वस्तीत राहतो, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी उपस्थित केला. तो करण्याचे कारणही नव्हते. लेखक, वाचक आणि समीक्षक एकाच आळीत राहत होते.

डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घडविले होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ही हकीकत कौतुकाने सांगितली जाते आणि ते कौतुक योग्यच आहे. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षकांचे पारडे झुकू नये असे वाटणारा माणूस प्रामाणिक असतो. परंतु याच्या अकरा वर्षे आधी, १९६३ साली, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला होता. नाव लपविण्याचे हे दोन प्रकार मराठीत शेजारी शेजारी उभे आहेत, आणि त्यांना एकत्र वाचण्याची गरज आपल्या समीक्षेला भासली नाही. एकाला नावामुळे अधिक मिळेल ही भीती होती. दुसऱ्याला नावामुळे जे हक्काचे तेही जाईल ही भीती होती. दोघांनाही फक्त कामाकडे पाहिले जावे असे वाटत होते, एवढेच काय ते साम्य!

हे केवळ वाङ्मयेतिहासाचे प्रकरण असते तर मी लिहिले नसते. आंबेगाव तालुक्यातला दहावीचा एक मुलगा माझ्याकडे पुस्तके न्यायला येतो. त्याची आई सातगाव पठारावर बटाट्याच्या काढणीला जाते. गेल्या वर्षी एका शालेय प्रदर्शनात त्याने आपल्या तक्त्यावर स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव लिहिले, आडनाव गाळले. मी विचारले तेव्हा म्हणाला, "आधी काम बघू द्या की सर त्यांना. मग विचारतीलच." त्याने ना नारळीकर वाचले आहेत, ना बागुल.

हा मुलगा मोबाइलवर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचतो. त्याच्यामुळे मीही काही महिने त्या वाचल्या. मी मराठी शिकवतो, तेव्हा भाषेकडे लक्ष गेलेच. या बातम्यांतील क्रियापदे पाहावीत. फोन 'लाँच' होतो, किंमत 'घसरते', कृत्रिम बुद्धिमत्ता 'येते', नोकऱ्या 'जातात'. जणू हे सारे पावसासारखे वरून पडते! कोणी केले, कोणाच्या पैशाने केले, आत काय चालते, याचा पत्ता नाही. वाचकाला दोनच भूमिका दिलेल्या आहेत, ग्राहकाची किंवा घाबरलेल्याची. आणि आमचा मुलगा चुकून बातमीत आलाच तर तो 'मजुराचा मुलगा' म्हणून येतो. त्याने काय केले हे एका ओळीत, त्याचे घर किती गळते हे दहा ओळींत. दारिद्र्याचे हे प्रदर्शन पांढरपेशा वाचकाचे डोळे ओले करते. त्याला संगणकातले काही शिकवीत नाही.

वास्तविक सांगण्यासारखे आमच्या दारात आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मधोमध जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. लोक तबकड्यांसमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. पण दुर्बीण घडते ती संगणकात. प्रत्येक तबकडीने टिपलेला संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो, तेव्हा कुठे आकाशाचे चित्र तयार होते. हे मी त्या मुलाला सांगितले. त्याने मोबाइलवरच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, एका आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन. उत्तर आले ८७०. थोडा वेळ त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "पहिलीची दुसरीशी आणि दुसरीची पहिलीशी, एकच जोडी दोनदा मोजली गेली." मग आतले आवर्तन एका पाऊलाने पुढून सुरू केले. ४३५. हे उत्तर बरोबर आहे. जून २०२३ मध्ये विश्वातील अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याची बातमी जगभर गाजली, त्या शोधात याच दुर्बिणीची निरीक्षणे होती. त्या बातमीतून ही ४३५ ची गंमत एकाही खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचली असेल असे मला वाटत नाही.

जुन्नरला आकड्यांचे वावडे तर मुळीच नाही. नाणेघाटच्या सातवाहनकालीन लेखात ब्राह्मी अंक आहेत. ते फार जुने म्हणून पर्यटकांना अभिमानाने दाखविले जातात. ते अंक कशाचे? यज्ञात दिलेल्या गायींचे आणि नाण्यांचे, म्हणजे दक्षिणेचे. त्याच जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत असाही लेख आहे की दानाची ठेव बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवली आहे. आज ज्यांना आपण बुरूड म्हणतो त्यांचे काम करणारी माणसे विहाराची ठेव सांभाळीत होती, हिशेब ठेवीत होती. गणित कोणाचे, या प्रश्नाचे एक उत्तर तिथे दगडात कोरलेले आहे. मार्गदर्शक तिथवर नेत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्याच साहित्याकडे वळतो, कारण इतरांना जाब विचारून थांबणे सोपे आहे. आपल्या आत्मकथनांत शाळा येते ती अपमानाचे दार म्हणून. ती तशीच होती. भूक, पाटी, वर्गाबाहेरची जागा हे सारे लिहिले जाणे अपरिहार्य होते. पण एखादी गोष्ट समजल्याचा जो निखळ आनंद असतो, ८७० चे ४३५ होताना त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसला तो, त्याला आपल्या लेखनात जागा किती मिळाली? आपला विद्यार्थी सोसतो, झगडतो, पदवी मिळवितो. कुतूहलाने खेळताना तो फारसा दिसत नाही. यंत्राविषयीची आपली भूमिका तर कधीच संदिग्ध नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली, ती कारखानदारांच्या वतीने नव्हे. माणसाला पशूसारखे राबण्यातून सोडवून फुरसत देणारे, आणि त्या फुरसतीतून संस्कृती घडवू देणारे साधन म्हणून घेतली. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या नुसते राबणे आले त्यांनाच या युक्तिवादाचा अर्थ लागतो. त्या विचारातून आपण आरक्षणाचा, नोकरीचा, कारखान्याचा धागा उचलला. फुरसतीचा आणि कुतूहलाचा धागा तसाच राहिला. १७ जानेवारी २०१६ रोजी गेलेल्या रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखे विज्ञानलेखन करायचे होते. त्याच्यावर आपण पुष्कळ कविता लिहिल्या. त्याला जे लिहायचे होते, ते मात्र आपण लिहावयास घेतले नाही.

त्या मुलाला मी ४३५ जोड्यांवर लिहायला सांगितले. त्याने चार पाने आणून दिली आहेत. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, आवर्तनाला तो 'फेरा' म्हणतो, आणि ते मला अधिक बरे वाटले. पाने संपादकांकडे पाठवीत आहे. खाली कोणते नाव छापायचे ते त्यालाच विचारावे.