संज्ञेचा दावा
सेल्युलोजचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करणाऱ्या कवकांच्या एंझाइमांविषयी रीझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये ‘सी-१’ व ‘सी-क्ष’ अशी द्विविध कल्पना मांडली. पहिल्याने घट्ट तंतू सैल करावा, दुसऱ्याने साखळी तोडावी. ‘सी-१’ हे केवळ चिन्ह. क्रियेच्या प्रकाराविषयी ते मौन पाळते, हाच त्याचा गुण होय. उलट, पुढे ‘ग्लायकोसाइड हायड्रोलेज ६१’, म्हणजे जलविच्छेदक, म्हणून नोंदलेले कूळ वस्तुतः ऑक्सिडीकरणाने साखळी तोडते, असे २०११ च्या सुमारास सिद्ध झाले व त्याचा वर्गच बदलावा लागला. अर्थवाही संज्ञेचा आग्रह धरणाऱ्या मराठी परिभाषाकारांनी हे ध्यानी घ्यावे. अज्ञान मान्य करणारे चिन्ह ज्ञानाचा आभास निर्माण करणाऱ्या संज्ञेहून शास्त्राला अधिक उपकारक ठरते.