ब्लॅकवुड, ॲल्जर्नॉन

(१४ मार्च १८६९–१० डिसेंबर १९५१). इंग्रज कथा-कादंबरीकार. निसर्गातील गूढ शक्तींवरील अतिमानुष कथांसाठी विशेष प्रसिद्ध. जन्म केंटमधील शूटर्स हिल येथे. ऐन तारुण्यात तो कॅनडात गेला. तेथील उद्योग बुडाल्यावर न्यूयॉर्कमध्ये वार्ताहर झाला व १८९९ मध्ये मायदेशी परतला. द एम्प्टी हाउस (१९०६) ह्या पहिल्या संग्रहातील कथा बहुतांशी रूढ भूतकथांच्या वळणाच्या आहेत.

स्वतःची वाट त्याला सापडली ती द लिसनर अँड अदर स्टोरीज (१९०७) मधील ‘द विलोज’ ह्या दीर्घकथेत. होडीतून डॅन्यूब नदीचा प्रवास त्याने स्वतः केला होता. कथेतील दोन प्रवासी पुराने झिजत चाललेल्या, वाळुंजांनी व्यापलेल्या एका बेटावर मुक्काम करतात. तेथे पछाडलेले घर नाही, की सूड घेऊ पाहणारा मृतात्मा नाही. एक वल्हे नाहीसे होते, होडीच्या तळाला चीर पडते, वाळूत नरसाळ्यासारखे खळगे उमटतात. निवेदक प्रत्येक गोष्टीचा बुद्धिगम्य उलगडा करू पाहतो आणि तो दर वेळी थोडा तोकडा पडतो. ह्या तोकडेपणातच कथेची भीती आहे. तेथील शक्तींना माणसाशी काही कर्तव्य नाही. त्या पूजेची वा बळीची अपेक्षा करणाऱ्या देवता नव्हेत, असे निवेदकाचा स्वीडिश सोबती बजावतो. पण बळी मिळाल्यास आपण सुटू, असा तर्क पुढे तोच करतो. येथे कथा ओळखीच्या दैवतकथेकडे झुकते, हा तिच्यातील एक कच्चा दुवा होय. तथापि अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्ट ह्याने तिला ह्या कथाप्रकारात अग्रस्थान दिले, ते अनाठायी वाटत नाही.

‘द वेंडिगो’ (१९१०) मध्ये कॅनडातील अरण्य आहे. अल्गाँक्वियनभाषक आदिवासींच्या श्रद्धेतील वेंडिगो हिवाळी उपासमारीशी आणि नरमांसभक्षणाशी निगडित आहे. ब्लॅकवुडने ती भूक बाजूस सारून त्याला अरण्याच्या हाकेचे रूप दिले. वाटाड्या देफागो ह्याचा वरून, आभाळातून येणारा आक्रोश विसरता येत नाही. मात्र केवळ वासावरून संकट ओळखणारा आदिवासी स्वयंपाकी पंक जवळजवळ मुकाच राहतो. ज्यांची ही श्रद्धा, त्यांना कथेत वाणी नाही.

‘द मॅन हूम द ट्रीज लव्ह्‌ड’ (१९१२) ह्या कथेचा नायक हिंदुस्थानातील वनखात्यातून निवृत्त झालेला इंग्रज आहे. कथा पाल्हाळिक आहे. पण वृक्षांनी हळूहळू आपलासा केलेला पती पाहत राहणाऱ्या धर्मनिष्ठ पत्नीचे एकाकीपण तिला तोलून धरते.

उतारवयात नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरील कथाकथनाने त्याला मोठा श्रोतृवर्ग लाभला. लंडन येथे तो निधन पावला.