आधी चौकशी, मग पोलीस?

2015 साली गोवंडीच्या शिवाजीनगरमधील 13 वर्षांच्या एका मुलाने चर्चमधून घरी आल्यावर आईला सांगितले की धर्मगुरूने आपल्यावर अत्याचार केला. कुटुंब आधी गेले ते मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांच्याकडे. त्याच रात्री त्यांना रोमला निघायचे होते. आपण लगेच पोलिसांना कळवले नाही, हे त्यांनी 2019 मध्ये बीबीसीला सांगितले. पोलिसांकडे कुटुंबच गेले. डिसेंबर 2021 मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली.

या प्रकरणात मला खटकते ती एक सवय: ‘आधी आपण खातरजमा करू.’ ऐकायला ती समंजस वाटते. पण 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 पुरावा मागत नाही. गुन्हा घडल्याचे कळले, की खबर द्या, एवढेच सांगते. ते ‘कोणत्याही व्यक्ती’ला लागू आहे, पाद्री, मौलवी, महाराज यांना वेगळी सूट नाही. खबर न दिल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर वर्षापर्यंत शिक्षा आहे.

खोट्या आरोपाने निरपराध माणूस बदनाम होईल, ही भीती खरी आहे. पण खरे-खोटे ठरवण्यासाठी तपास लागतो, आणि आरोपीचेच सहकारी तो तपास करू शकत नाहीत. तोवर वैद्यकीय पुरावा नाहीसा होतो, घरच्यांवर दबाव वाढतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात, 2022 मध्ये, माहिती असूनही खबर न देणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

हा एकाच धर्माचा दोष नव्हे. आसारामविरुद्ध 2013 मध्ये पोलिसांत गेलेले आईवडील त्याचेच भक्त होते. पोप फ्रान्सिस यांच्या मे 2019 च्या नियमांनी पाद्र्यांना तक्रार करणे बंधनकारक केले. पण ती चर्चच्या वरिष्ठांकडे. पोलिसांचा विषय त्यांनी त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडला. आपल्याकडे तो कायदा स्पष्ट आहे.

म्हणून माझ्या मते एखाद्या धर्मसंस्थेची बालसुरक्षा समिती किती मोठी आहे, याला फारसे महत्त्व नाही. तक्रार कानावर आल्यापासून पोलीस ठाण्यात पोहोचेपर्यंत किती तास गेले, हे तिला विचारावे.