‘गरज नाही’ याचे तीन अर्थ : एक प्रश्नावली चिनी भाषेत जाते तेव्हा

आज आपण एका छापील फॉर्मची समीक्षा करणार आहोत. पुस्तकाची करतो तशीच. कारण हा फॉर्म वाचून कुणाकडे समुपदेशक पाठवायचा आणि कुणाकडे नाही, हे ठरू शकतं.

‘सपोर्टिव्ह केअर नीड्स सर्व्हे’ ही कर्करोगाच्या रुग्णांसाठीची प्रश्नावली. औषधोपचारापलीकडे त्यांना कशाकशात मदत हवी आहे, हे ती विचारते. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी ती तयार केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या रूपात ५९ प्रश्न होते, २००९ मधल्या छोट्या रूपात ३४ राहिले. थकवा, आजार पसरण्याची भीती, मृत्यूबद्दलच्या भावना, लैंगिक संबंधांतले बदल, माहिती मिळणं असे हे प्रश्न आहेत. गेल्या महिन्याभरात या गोष्टीत मदतीची गरज होती का, ते १ ते ५ मध्ये सांगायचं.

हाँगकाँगमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तिची चिनी आवृत्ती तपासली गेली. २०११ साली ते काम प्रसिद्ध झालं. आमच्या मते त्याचं मोठं श्रेय असं, की मूळचे पाच कप्पे रुग्णांवर लादले गेले नाहीत. चिनी उत्तरांतून चारच कप्पे निघाले, आणि प्रश्न ३३ राहिले. मूळ प्रश्नावलीत ‘माहिती’ वेगळी आणि ‘रुग्णाची काळजी व आधार’ वेगळा. इथे ते एकत्र आले. म्हणजे काय, तर नीट समजावून सांगणारा डॉक्टर आणि आपुलकीने वागणारा डॉक्टर या रुग्णांच्या हिशेबी बहुधा वेगळे नसावेत. आकडेवारीतून इतकी माणसाजवळची गोष्ट हाती लागली, याला दाद द्यायलाच हवी.

पण अशा रूपांतरांची जी नेहमीची कसोटी, ती पुरेशी आहे का? इंग्रजीतून चिनीत भाषांतर करायचं, दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत आणायचं आणि दोन्ही जुळतात का पाहायचं. रिचर्ड ब्रिसलिन यांच्या १९७० च्या लेखापासून ही उलट-भाषांतराची पद्धत संशोधनात रुजली. अडचण अशी, की शब्दाला शब्द ठेवलेलं भाषांतर या परीक्षेत सर्वांत सहज पास होतं. ‘आपल्या परिस्थितीवर आपलं नियंत्रण आहे असं वाटायला शिकणं’ असा एक प्रश्न यात आहे. तो चिनीत जाईल आणि जसाच्या तसा परत येईल. पण सत्तरीच्या बाईंनी तो वाचून नेमकी कशावर खूण करायची? वाक्य सुखरूप परतलं, एवढंच ही कसोटी सांगते. रुग्णापर्यंत ते पोचलं की नाही, हे ती सांगत नाही.

दुसरी गोष्ट कानाची. ‘चिनी भाषा’ म्हणताना आपण एकच भाषा धरून चालतो. हाँगकाँगमध्ये लोक कँटोनीज बोलतात, पण छापील मजकूर बहुतेक प्रमाण चिनीत असतो. ‘नाही’साठी कागदावर ‘मेइयौ’ म्हणून वाचतात ती अक्षरं, आणि तोंडी मात्र ‘मोउ’. ज्यांना वाचता येत नाही त्यांना परिचारिका प्रश्न वाचून दाखवते, तेव्हा ती मनातल्या मनात भाषांतर करते. ते भाषांतर कुणी तपासलेलं नसतं. दर परिचारिकेगणिक प्रश्न थोडा बदलतो.

तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. उत्तरांच्या पट्टीवर ‘गरज नाही’ची दोन घरं आहेत : एक, हा त्रासच नाही; दोन, त्रास होता पण पुरेशी मदत मिळाली. मग त्रास आहे, मदत मिळालेली नाही, पण तो दवाखान्यात सांगायचा विषय नाही असं ज्याला वाटतं, त्याने कुठे खूण करायची? लोकांना ‘माफान’, म्हणजे आपल्यापायी तसदी, द्यायची नाही ही चिनी घरांतली ओळखीची शिकवण. आपलं ‘राहू दे, कशाला’ याच जातीचं. असा रुग्ण ‘गरज नाही’वर खूण करतो. कागद म्हणतो, ठीक आहे. त्याच्याकडे कुणी येत नाही.

आणि हाच कागद चीनच्या मुख्य भूमीवर न्यायचा म्हटला तर आणखी एक पेच आहे. तिथे कर्करोगाचं निदान आधी घरच्यांना सांगण्याची रीत जुनी. २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेचं कलम १२१९ही सांगतं, की रुग्णाला सांगणं शक्य किंवा योग्य नसेल तर जवळच्या नातेवाइकांना समजावून सांगावं. आता ‘कर्करोग पसरण्याची भीती’ असं छापलेला कागद त्या रुग्णाच्या हाती द्या. प्रश्न विचारता विचारता आपण निदानच सांगून बसलो!

मग करायचं काय? रुग्णाला आजाराचं नाव ठाऊक आहे का, हे फॉर्म देण्याआधी पाहा. बोलीतला मजकूर वेगळा लिहून तपासा. प्रत्येक प्रश्न काही रुग्णांना त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. आणि पट्टीवर एक घर वाढवा : ‘त्रास आहे, पण मदत मागावीशी वाटत नाही.’

यावर संशोधक म्हणतील, घर वाढवलं की ऑस्ट्रेलियाच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. बरोबर आहे, ही किंमत खरीच आहे. पण तुलना अभ्यासकाच्या कामाची, आणि चाळणी रुग्णाच्या. एकाच कागदाकडून दोन्ही कामं होत नसतील, तर वॉर्डात चाळणीलाच मान द्यायला हवा, असं आम्ही म्हणू. कारण तिथे चुकलेल्या खुणेचा अर्थ एकच : मदत हवी असलेलं माणूस कुणाला दिसलंच नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.