शास्त्रप्रीती आणि आज्ञापालन : टिळकांच्या सातारा-पर्वाच्या निमित्ताने

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या काव्यातील भक्तिरसाची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. त्यांच्या अभंगांवरील तुकोबांचा संस्कार तर आता सर्वमान्यच आहे. परंतु या चर्चेत एक प्रश्न मागे पडला. ख्रिस्ती शास्त्र ग्रंथावरील प्रीती आणि ग्रंथातील आज्ञांचे पालन यांत भेद करीत नाही. एकशे एकोणिसावे स्तोत्र नियमशास्त्राविषयीचे प्रेम गाते आणि तेथेच ते पाळण्याची बुद्धी मागते. योहानाचे शुभवर्तमान तर आज्ञापालन हीच प्रीतीची खूण मानते. तेव्हा टिळकांच्या शास्त्रप्रीतीला आज्ञापालनाची जोड होती काय, हे पाहिल्यावाचून त्यांच्या भक्तिकाव्याचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

टिळकांची शास्त्रप्रीती प्रथमतः रसिकाची होती. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि त्यातील गिरिप्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र ज्या प्रवचनाने त्यांना मोहिनी घातली, त्याचा शेवट खडकावरील व वाळूवरील घरांच्या दृष्टांताने होतो, हे विसरता येत नाही. वचन ऐकून न आचरणाऱ्याचे घर तेथे कोसळते. केवळ रसग्रहणावर थांबण्याची मुभा ते प्रवचन वाचकाला देत नाही.

हा दृष्टांत टिळकांनी किती मनावर घेतला, याचा निर्णायक पुरावा साताऱ्यात मिळतो. वीसएक वर्षांच्या सेवेनंतर १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचे बंधन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. उद्याची चिंता करू नये, दोन धन्यांची चाकरी होत नाही, ही गिरिप्रवचनातील शिकवण त्यांनी उतारवयात शब्दशः स्वीकारली, असे म्हणावे लागते. ‘दरबार’ हा शब्दही लक्षणीय आहे. दरबारात प्रेमाबरोबर हुकूम असतो, आणि छत्रपतींच्या गादीच्या गावी हा अर्थ कोणास समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथेच एक आक्षेप उभा राहतो, व तो हलका नाही. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणे न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांनाही स्थान होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी मात्र बाप्तिस्मा देण्याची स्पष्ट आज्ञा आहे. मग टिळकांनी एक आज्ञा पाळताना दुसरी शिथिल केली काय? त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला होता आणि त्यासाठी घरादाराचा वियोग सोसला होता. इतरांसाठी त्यांनी बाप्तिस्मा रद्द केला नाही. त्याआधी शिष्यत्वाला जागा दिली. तरीही कोणती आज्ञा आधी, हे येथे प्रीतीने ठरविले, हे मान्य केले पाहिजे. भक्तिमार्गी शास्त्रवाचनाचे बळ यात आहे आणि धोकाही यातच आहे. टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी झाले; या प्रयोगाची दीर्घ कसोटी लागण्यास अवधीच मिळाला नाही.

याच कृष्णाकाठी दक्षिणेस मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले होते. मिरज तेव्हा संस्थानात होती. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. रोग्यांना बरे करण्याची आज्ञा तेथे काव्यावाचून पाळली जात होती. साताऱ्याचा दरबार आणि मिरजेचे रुग्णालय शेजारी ठेवले, म्हणजे आज्ञापालनाला वाङ्मयाची अट नाही, हे ध्यानात येते. मात्र वाङ्मयाला आज्ञापालनाची अट आहे काय, हा प्रश्न राहतो.

त्याचे उत्तर लक्ष्मीबाई टिळकांकडे शोधावे. ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या परिवर्तनाचा क्रम पतीच्या उलट दिसतो. सोवळ्याच्या कडक वळणात वाढलेल्या या स्त्रीने, जातिभेद माणसांनी केला, देवाने नव्हे, असे मनाशी ठरविले व कोणाच्याही हातचे अन्नपाणी वर्ज्य मानणे सोडले. बाप्तिस्मा १९०० मध्ये, नंतर झाला. टिळकांनी सुमारे दहा अध्यायांवर सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे बहुतांशी त्यांनीच रचले. ते १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. पतीच्या ओवीत कल्पनेची झेप अधिक, तर लक्ष्मीबाईंच्या ओवीत घरगुती, निरलंकार निवेदन अधिक. हा केवळ प्रतिभेचा भेद नसावा. जे आधी आचरले ते सांगताना अलंकाराची निकड कमी भासते.

सारांश, टिळकांचे भक्तिकाव्य शास्त्राच्या माधुर्यावर विसावलेले आहे, हे मत अपुरे आहे. त्यांच्या अभंगांतील आर्ततेमागे पाळावयाच्या आज्ञेचे दडपण आहे आणि साताऱ्याचे पर्व त्याचा अर्थ उलगडते. पुढील अभ्यासकांनी ‘अभंगांजली’चे वाचन ‘गोडी’ या एकाच अंगाने न करता ‘आज्ञा’ या अंगानेही करावे. तसे झाल्यास मराठी ख्रिस्ती काव्याला संतकाव्याची केवळ प्रतिध्वनी मानण्याची सवय सुटेल, आणि त्याचे स्वतःचे प्रश्न आपल्या समीक्षेच्या कक्षेत येतील.